पाइपातला साठा सांभाळताना: नैसर्गिक वायूची मुख्य वाहिनी कशी चालवावी

संध्याकाळी सातला पुण्यात घरोघरी शेगड्या पेटतात, सीएनजी पंपावर रिक्षांची रांग लांबते आणि चाकणच्या भट्ट्या तर चालूच असतात. त्या तासाला जळणारा वायू त्याच तासाला गुजरातेतल्या दहेजहून निघालेला नसतो. तो आधीच निघून वाटेत पाइपात दाबून बसलेला असतो. या साठ्याला कंट्रोल रूममध्ये लाइनपॅक म्हणतात. नवीन माणूस स्क्रीनवरचा दाब बघत बसतो. मुरलेला माणूस त्या दाबावरून साठा काढतो आणि साठ्यावरून हातात किती तास आहेत ते सांगतो. हे तास काढता येणं हीच या कामाची पहिली पायरी, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

साठा कसा मोजायचा

समजा, १०० किलोमीटरचा ३० इंची पाइप आहे. आतला व्यास साधारण ०.७४ मीटर, म्हणजे पोटात ४३,००० घनमीटर जागा. वरच्या टोकाला ८० बार आणि खालच्या टोकाला ६० बार दाब आहे. (हे दाब निरपेक्ष आहेत. गेजवर वाचलेल्या आकड्यात हवेचा दाब मिळवायचा, समुद्रकाठी १.०१ बार आणि पुण्याच्या उंचीवर सुमारे ०.९५.)

सरासरी सरळ ७० धरू नका. वायू पुढे जाताना पसरतो, वेग घेतो आणि शेवटच्या टप्प्यात दाब जास्त वेगानं गमावतो. म्हणून खरी सरासरी मधल्या आकड्यापेक्षा थोडी वर असते. दोन्ही दाबांची बेरीज करा: १४०. गुणाकाराला, म्हणजे ४८०० ला, त्या बेरजेनं भागा: ३४.३. तो बेरजेतून वजा करा: १०५.७. त्याचे दोन तृतीयांश घ्या: ७०.५ बार.

आता ४३,००० ला ७०.५ नं गुणा, १.०१३ नं भागा, तापमानाची दुरुस्ती करा (पाइपात ३० अंश आणि प्रमाण तापमान १५ अंश धरलं तर ०.९५) आणि संपीड्यता गुणांकानं (दाबाखाली खरा वायू आदर्श वायूपेक्षा किती वेगळा वागतो तो आकडा) भागा. तो या दाबाला ०.८८ च्या आसपास असतो. उत्तर येतं सुमारे ३२ लाख प्रमाण घनमीटर, म्हणजे १५ अंश आणि १.०१३ बारला मोजलेले. थोडक्यात, या पाइपात सरासरी दाबाचा एक बार म्हणजे साधारण ४६ हजार घनमीटर. आपल्या प्रत्येक सेक्शनचा हा एक आकडा पाठ असायला हवा. स्काडावर, म्हणजे कंट्रोल रूमच्या संगणक यंत्रणेवर, लाइनपॅक दिसत असला तरी. दाब मोजून पाठवणारा एखादा ट्रान्समीटर अडकला की स्काडा अडकलेल्या आकड्यावरून साठा काढत राहतो, आणि पाठ असलेला आकडा ती चूक लगेच पकडतो.

वर कुठेतरी पुरवठा ट्रिप झाला आणि दिवसाला २० लाख घनमीटर, म्हणजे २ एमएमएससीएमडी कमी येऊ लागले. तासाला ८३ हजारांची तूट, म्हणजे सरासरी दाब तासाला १.८ बारनं उतरणार. खालच्या ग्राहकाला किमान ४९ बार द्यायचा आहे आणि आता ६० आहे. अकराला १.८ नं भागून सहा तास आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात पाचच असतात. दाब उतरला की तितकाच वायू जास्त जागा घेतो, वेग वाढतो, घर्षण वाढतं आणि दोन टोकांतला फरक रुंदावतो. शेपटीला ११ बार उतरतात तेव्हा सरासरी फक्त ९ उतरलेली असते. हा हरवलेला एक तास ज्यानं धरला नाही, त्याचा फोन ग्राहकाकडे उशिरा जातो.

दुसरी गोष्ट उशिराची. वरच्या उदाहरणात दिवसाला २०० लाख घनमीटर वाहत असतील तर वायूचा वेग सरासरी सेकंदाला ७ मीटर असतो, म्हणजे १०० किलोमीटर जायला चार तास लागतात. दाबाची लाट मात्र आवाजाच्या वेगानं जाते, सेकंदाला सुमारे ४०० मीटर, आणि चार मिनिटांत पोचते. म्हणून व्हॉल्व्ह हलवला की पलीकडे काटा लवकर थरथरतो, आणि काम झालं असं वाटतं. झालेलं नसतं. साठा भरायला तास लागतात. एक बदल करा, लॉगबुकात वेळ लिहा, थांबा, मगच दुसरा. पाच मिनिटांत तीन सेटपॉइंट (उपकरणाला ठरवून दिलेले आकडे) बदलले तर त्यातल्या कशानं काय झालं ते नंतर कुणालाच सांगता येत नाही.

शिफ्ट हातात घेताना

वायूचा दिवस सकाळी सहाला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सहाला संपतो. शिपरची, म्हणजे वाहिनीतून आपला वायू नेणाऱ्यांची, नॉमिनेशन (उद्या किती वायू देणार-घेणार त्याची मागणी) आदल्या दिवशी येतात. वाहिनी चालवणाऱ्यानं आत येणारा आणि बाहेर जाणारा वायू त्यानुसार जुळवायचा आणि दिवसाअखेर साठा ठरलेल्या पट्ट्यात आणून ठेवायचा. म्हणून चार्ज घेताना पहिला प्रश्न एकच: आत्ता साठा किती आहे आणि सहाला किती हवा? बाकीच्या शंभर आकड्यांकडे त्यानंतर वळा.

मग बघा, कुठले ट्रान्समीटर आणि मीटर बायपास किंवा देखभालीत आहेत, कुठले अलार्म दाबून ठेवलेत आणि का, कुठल्या व्हॉल्व्हवर कामाचं परमिट चालू आहे, लाइनमध्ये पिग (पाइप साफ करणारा किंवा तपासणारा बोळा) आहे का. पिग आहे हे हँडओव्हरमध्ये सुटलं तर पुढचा माणूस सहज फ्लो वाढवतो, आणि लाखमोलाचा तपासणी पिग दुप्पट वेगानं धावून कोऱ्या नोंदी घेऊन बाहेर येतो.

मागणीचा अंदाज बांधताना कॅलेंडर शेजारी ठेवा. भोसरी-पिंपरीत बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे पुण्याकडचा उठाव बुधवारी रात्री उतरायला लागतो. दिवाळीत कारखाने आठवडाभर बंद, आणि घरच्या शेगड्या मात्र फराळाला जोरात. पण घरगुती वायू कारखान्यांच्या मानानं थोडा, म्हणून एकूण साठा वर चढतो. चढता साठाही अडचणच असते. दाब कमाल मर्यादेजवळ गेला की आत घेणं कमी करावं लागतं. पण एलएनजी (थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू) टर्मिनलला उकळून येणारा वायू बाहेर काढावाच लागतो, त्यामुळे ते शून्यावर येऊ शकत नाही. सुट्टीआधी दोन दिवस साठा मुद्दाम खाली आणून ठेवा. रिकामी जागा हीसुद्धा शिल्लकच असते.

कोकणाच्या वाहिनीला आणखी एक ऋतू आहे. दाभोळचं एलएनजी टर्मिनल २०१३ पासून चालू झालं, पण ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा बांध) पुरा नसल्यानं वर्षानुवर्षं पावसाळ्यात तिथे जहाजं लागत नसत. दाभोळ चालू असताना वायू दक्षिणेकडून वर येतो आणि ते बंद असताना दहेज–उरण–पनवेल बाजूनं खाली जातो. दिशा उलटली की कुठला मीटर आत घेणारा आणि कुठला बाहेर देणारा हे बदलतं, वायूचं उष्मांक मूल्य बदलतं आणि लीक डिटेक्शनचं मॉडेल काही तास खोटे अलार्म देतं. ते तास लक्षात ठेवा, पण अलार्म बंद करून ठेवू नका.

घाट

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. वायू हलका म्हणून उंचीचा हिशेब सोडून देण्याची सवय असते. ७० बारला मात्र घनमीटरचं वजन ५० किलोच्या वर जातं. कोकणातून पुण्याच्या उंचीवर येताना नुसत्या चढणीत सुमारे ३ बार जातात, घर्षण वेगळं. ४० बारला हाच तोटा दीडच्या आसपास. फ्लो शून्य असला तरी खाली आणि वर इतका फरक राहतोच, तेव्हा बंद सेक्शनमध्ये तो दिसला म्हणून गळती समजू नका.

हायड्रोटेस्टला, म्हणजे पाणी भरून केलेल्या दाबाच्या चाचणीला, हाच चढ फार महाग पडतो. ५६० मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे ५५ बार. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकच सेक्शन पाण्यानं भरला तर माथ्याला चाचणीचा दाब मिळेपर्यंत पायथ्याचा पाइप मर्यादा ओलांडतो. घाटात चाचणीचे तुकडे उंचीवरून पाडतात, लांबीवरून नाही.

पावसाळ्यात उतारावरची माती सरकते, ओढे पात्र बदलतात, आणि मीटरभर मातीखाली असलेला पाइप उघडा पडून लोंबकळतो. जोरदार पावसानंतर लाइनवॉकरला नेहमीच्या वेळेची वाट न बघता पाठवा. मातीतली नवी भेग, वाकलेला मार्कर, उतारावर ताठ असलेलं पण तळाशी तिरकं झालेलं झाड, एवढं त्यानं फोटोसह कळवलं तरी पुष्कळ.

कंप्रेसर स्टेशन

इथे दोन मर्यादांमध्ये राहायचं असतं. फ्लो फार कमी आणि दाबाचा फरक फार जास्त झाला की सेंट्रीफ्यूगल कंप्रेसर सर्जमध्ये जातो: वायू उलटा फिरतो, शाफ्ट पुढेमागे आदळतो आणि काही सेकंदांत बेअरिंग-सील खराब होतात. अँटी-सर्ज व्हॉल्व्ह कंप्रेसरमधून बाहेर पडलेला वायू पुन्हा आत फिरवून हे टाळतो. तो तासन्‌तास अर्धा उघडा दिसला तर समजा की एक मशीन जादा चालू आहे आणि तुम्ही इंधन जाळून तोच वायू गोल फिरवताय. खालच्या ग्राहकांशी बोलून एक युनिट थांबवा.

दुसरी मर्यादा तापमानाची. दाबल्यानं वायू तापतो, आणि आफ्टरकूलर कमी पडला तर गरम वायू पुढच्या पाइपाचं पॉलिथिलीन कोटिंग मऊ करतो. उन्हाळ्यात दुपारी कूलरच्या जाळ्यांवर साचलेली धूळ हे त्याचं नेहमीचं कारण. मार्चमध्ये धुऊन घ्या.

शहराच्या दारात

सिटी गेट स्टेशनला मुख्य वाहिनीचा वायू शहराच्या पोलादी जाळ्याच्या दाबाला उतरतो. पुढे ४ बारला प्लॅस्टिकच्या पाइपात आणि शेवटी शेगडीपाशी २१ मिलीबारला. दाब उतरला की वायू थंड होतो, बारमागे सुमारे अर्धा अंश. ४९ वरून १९ वर आणला तर १५ अंश गेले. डिसेंबरच्या पहाटे रेग्युलेटरवर (दाब उतरवणाऱ्या झडपेवर) गोठलेलं पांढरं दव जमलेलं दिसतं. बाहेरच्या बर्फानं काही बिघडत नाही. काळजी पायलटच्या, म्हणजे रेग्युलेटरला चालवणाऱ्या छोट्या नियंत्रकाच्या, बारीक नळीची. आत ओल असेल तर ती तिथे गोठते आणि रेग्युलेटर वरखाली हेलकावे खाऊ लागतो. अशा वेळी सेटपॉइंटला हात लावू नका. हीटर चालू आहे का, फिल्टरच्या तळाचं पाणी सोडलं आहे का, हे आधी बघा.

ओल्या वायूत हायड्रेटही होतं, म्हणजे बर्फासारखा घट्ट गोळा. ७० बारला मिथेनचं हायड्रेट ९-१० अंशांच्या खाली बनू शकतं, शून्याची गरज नसते. गोळ्यानं लाइन बुजली तर एका बाजूचा दाब कधीही सोडू नका. दुसऱ्या बाजूचा दाब तो गोळा बंदुकीच्या गोळीसारखा सोडतो आणि समोरचा बेंड फोडतो. दोन्ही बाजूंनी हळूहळू, सारखा दाब उतरवा आणि वितळायला वेळ द्या.

दोन स्ट्रीमचे (शेजारच्या समांतर लाइनींचे) सेटपॉइंट एकमेकांत गुंतू देऊ नका. उदाहरणार्थ, चालू स्ट्रीमचा मुख्य रेग्युलेटर १९ बार, मॉनिटर (मुख्य बिघडला तर दाब धरणारा दुसरा रेग्युलेटर) २०, छोटा रिलीफ (जादा वायू बाहेर सोडणारा) २१, स्लॅम शट (लाइन झटक्यात बंद करणारा) २२, आणि राखीव स्ट्रीम १८. अंतर कमी ठेवलं की मुख्य रेग्युलेटर जरा हलला तरी स्लॅम शट पडतो, आणि तो हातानंच पुन्हा लावावा लागतो.

वासाचं रसायन, म्हणजे मरकॅप्टन, इथेच मिसळतात. मोठ्या वाहिनीतला वायू सहसा बिनवासाचा असतो, हे पंचायतीला आणि अग्निशमनवाल्यांना सांगून ठेवायला हवं. हवेत ५ टक्के मिथेन झालं की ते पेटू शकतं. शहरात त्याच्या पाचव्या हिश्श्याला, १ टक्क्यालाच, नाकाला कळलं पाहिजे.

रिक्षांच्या रांगेचं एक कारण याच दाराशी असतं. पंपावरचा कंप्रेसर वायू २५० बारला नेतो आणि गाडीत २०० बारला भरतो. आत येणारा दाब उतरला तर सिलिंडरच्या प्रत्येक फेरीत कमी वायू शिरतो, कंप्रेसर तेवढाच फिरून कमी भरतो आणि रांग वाढते. म्हणून संध्याकाळी पाचपर्यंत शहराचं पोलादी जाळं वरच्या दाबाला भरून ठेवा.

पिग सोडताना

वाहिनीत साचलेली काळी भुकटी आणि द्रव काढायला पिग लागतो. पिग म्हणजे पाइपात घट्ट बसून वायूच्या जोरावर पुढे सरकणारा बोळा. क्रम असा: आधी फोम, मग ब्रश, मग ॲल्युमिनियमची गेज प्लेट लावलेला, मग आकार मोजणारा आणि शेवटी चुंबकीय तपासणीचा. गेज प्लेट वाकून आली तर तपासणीचा महागडा पिग अजिबात सोडू नका.

लाँचरचा (पिग आत सोडायच्या नळकांड्याचा) व्हॉल्व्ह आणि किकर (पिगच्या मागे वायू सोडणारी लाइन) दोन्ही बंद आहेत याची खात्री करून बॅरल, म्हणजे ते नळकांडं, व्हेंट करा. गेज शून्य दाखवेल, त्यावर एकट्यावर विश्वास नको. व्हेंट उघडाच ठेवा आणि झाकणाचा दाबसूचक बोल्ट सैल करून हवा फुसफुसते का ते ऐका. झाकणासमोर उभं राहू नका, बाजूनं उघडा. पिगचा पहिला कप निमुळत्या भागात घट्ट बसेपर्यंत ढकला. झाकण लावून आतली हवा हाकला, मग बॅलन्स लाइन उघडून पिगच्या पुढे आणि मागे सारखा दाब चढवा. ही पायरी चुकली तर पिग बंद व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. दाब सारखा झाला की लाँचरचा व्हॉल्व्ह उघडा, त्यानंतर किकर उघडा, आणि शेवटी मेनलाइनचा व्हॉल्व्ह हळू आवळा. पिग निघाल्याचा झेंडा पडल्यावर सगळं उलट क्रमानं.

तपासणीचा पिग साधारण सेकंदाला १ ते ३ मीटरनं जायला हवा. वरच्या उदाहरणात वायू ७ नं धावतोय. म्हणून तो दिवस ग्राहकांशी बोलून आधी ठरवावा लागतो, किंवा आतून वायू जाऊ देणारा बायपासचा पिग घ्यावा लागतो.

पिग बाहेर काढायचा रिसीव्हर उघडण्याआधी आतली भुकटी पाण्यानं भिजवा. तिच्यात लोहाचं सल्फाइड असतं आणि कोरडं असलं तर ते हवा लागताच आपोआप पेट घेतं.

ही साफसफाई मागे टाकू नका. २७ जून २०१४ ला आंध्र प्रदेशात नगरम गावाजवळ वाहिनी फुटून वीसहून जास्त माणसं गेली. कोरड्या वायूसाठीच्या लाइनमध्ये ओलसर वायू वाहत होता, आणि तळाशी साचलेल्या पाण्यानं पोलाद आतून खाल्लं होतं. गंज दिसत नाही, वायूतली ओल मोजणारा दवबिंदूचा मीटर दिसतो. तो बिघडला तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.

बाहेरचा गंज आणि जेसीबी

बाहेरून पाइप वाचवायला कोटिंग आणि कॅथोडिक संरक्षण (पाइपाला बारीक वीजप्रवाह देऊन गंज रोखणं) असतं. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत करंट क्षणभर तोडून मोजलेलं विभव उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून ऋण हवं. पण उणे १.२ च्या पलीकडे नको, नाहीतर कोटिंग सुटायला लागतं. डीसी विजेवर चालणाऱ्या रेल्वेजवळ हे वाचन गाड्यांबरोबर डोलतं, कारण रुळातून निसटलेला प्रवाह पाइपात शिरतो आणि जिथून बाहेर पडतो तिथलं पोलाद घेऊन जातो. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रो मार्गिका ७५० व्होल्ट डीसीच्या तिसऱ्या रुळाची आहे. तिच्या आसपासच्या पोलादी लाइनवर एका वाचनावर समाधान मानू नका, पूर्ण २४ तासांची नोंद घ्या. गाड्या थांबलेल्या रात्रीचं आणि सकाळच्या गर्दीतलं विभव शेजारी ठेवलं की प्रवाह कुठून शिरतो ते दिसतं.

सगळ्यात मोठा धोका मात्र जेसीबीचा. जमीन शेतकऱ्याचीच राहते. पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांच्या १९६२ च्या कायद्यानं पाइपावरच्या पट्ट्यात फक्त वापराचा हक्क मिळतो: शेती करता येते, पण घर, विहीर, मोठं झाड नको. शहराकडेला प्लॉटिंग वाढलं की मार्कर उपटले जातात. दात लागला आणि गळती झाली नाही, तर चालक माती ओढून निघून जातो. तोच ओरखडा काही वर्षांनी फुटतो. चालकानं न घाबरता फोन करावा यासाठी गावात, ठेकेदारांत नंबर पोचवा, आणि फोन करणाऱ्याला दरडावू नका. फोन आला की तो भाग उकरण्याआधी दाब धक्क्याच्या वेळच्या ८० टक्क्यांवर आणा. उघडा करणं त्यानंतर.

फुटल्यावर

फुटण्याच्या खुणा एकत्र येतात: वरच्या मीटरचा फ्लो अचानक वाढतो, खालचा पडतो आणि मधला दाब वेगानं उतरतो. एकच आकडा हलला तर उपकरण तपासा. तिन्ही हलले तर तपासत बसू नका, दोन्ही बाजूंचे सेक्शन व्हॉल्व्ह बंद करा. ते विरळ वस्तीत ३२ आणि दाट वस्तीत ८ किलोमीटरच्या आत असतात. परवानगीसाठी थांबायचं नाही, हे लेखी हुकमात आधीच असलं पाहिजे. तरी १६ किलोमीटरच्या तुकड्यात ३० इंची पाइपात ५ लाख घनमीटर वायू उरतोच, आणि तो संपेपर्यंत आग चालते. अग्निशमनाला सांगा: ज्योत विझवू नका, शेजार थंड ठेवा. विझवलेली ज्योत म्हणजे न पेटलेला वायूचा ढग. तो पहिल्या ठिणगीला मोठा स्फोट करतो.

जोड बदलून झाला, एक्स-रे पास झाला, तरी वायू थेट सोडू नका. आधी आतली हवा आणि येणारा वायू यांच्या मध्ये नायट्रोजनचा पट्टा घाला, टोकाच्या व्हेंटवर ऑक्सिजन २ टक्क्यांखाली आल्याचं मीटरवर बघा, मग वायू. वरच्या व्हॉल्व्हचा बायपास थोडा उघडून दाब टप्प्याटप्प्यानं चढवा आणि प्रत्येक टप्प्यावर नवीन जोडाजवळ माणूस साबणाचं पाणी घेऊन उभा करा. पूर्ण दाबाला पहिले २४ तास तो सेक्शन लॉगबुकात वेगळ्या ओळीत, दर तासाला लिहा.